हिरव्या ठिपक्याचं भांडण

आमच्या कॉलेजातला सलोखा कक्ष दोन स्वच्छतागृहांच्या मधोमध आहे. ही जागा मी भांडून मिळवली. प्राचार्य इंगवले मला दर्शनी भागात, संस्थापकांच्या पुतळ्यासमोर, काचेच्या दाराची झकपक खोली देत होते. मी म्हटलं, "सर, सहकाऱ्याची तक्रार घेऊन काचेच्या दारातून कोण येणार? आमच्या कासारवळण गावात माणूस उंबऱ्याबाहेर पडला की चार जण विचारतात, कुठं निघालात? हा प्रश्न फक्त एकाच वाटेवर कुणी विचारत नाही. मला त्या वाटेवर खोली द्या."

सरांनी नाक मुरडलं, पण खोली दिली. तेव्हापासून प्राध्यापक, कारकून, शिपाई सगळे निर्धास्त येतात. दारामागे मी एक बादली आणि तांब्या ठेवलाय. बोलणं संपलं की माणूस हात ओले करतो आणि रुमालाला पुसत पुसत बाहेर पडतो. आजवर एकानंही कबूल केलेलं नाही की तो माझ्याकडे येऊन गेला. परगावच्या कुणी आमचा तो बोळ दिवसभर बघितला, तर त्याला इथल्या लोकांच्या तब्येतीची काळजीच वाटेल.

मी शर्मिला शिंत्रे. मानसशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात लोकांची भांडणं मिटवते. हुद्द्याचं नाव सलोखा अधिकारी. या कामाच्या प्रशिक्षणात दोन नियम डोक्यात पक्के बसवले होते. एक, खोलीत ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. नवरा, प्राचार्य, देव, कुणालाही सांगायचं नाही. दोन, समोरच्याचं बोलून झालं की दोन श्वास थांबायचं आणि मगच तोंड उघडायचं. पहिला नियम सोपा गेला. दुसऱ्यानं घाम काढला, कारण आमच्या शिंत्र्यांच्या घरात समोरच्याचं वाक्य आपणच पूर्ण करायची पद्धत आहे. पण शिकले. पुढेपुढे तर मी भाजीवाल्याशीसुद्धा दोन श्वास थांबून बोलायला लागले, आणि तो बिचारा भाव उतरवायला लागला.

मग २०३८ साली आमच्याकडे कानोसा आला.

कानोसा म्हणजे छताला चिकटवलेली, बशीएवढी पांढरी चकती. स्टाफरूम, प्रयोगशाळा, कार्यालय, कॅन्टीन, सगळीकडे बसवल्या. (बोळात आणि माझ्या खोलीत नाही, त्यासाठीही भांडले.) ती शब्द ऐकत नाही. शब्द चकतीतल्या चकतीतच पुसले जातात. ती ऐकते बोलण्याची लय. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपायच्या आधीच दुसऱ्याचा मेंदू अंदाज बांधतो, की हे वाक्य आता संपणार. आणि पापणी लवायच्या आत तो सुरू होतो. एकाच उखळात दोघी आळीपाळीनं मुसळ घालतात तसं. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली येतं, बघावं लागत नाही. ज्यांचं पटतं त्यांच्या बोलण्यातली ही फट अगदी बारीक असते, आवाजाची पट्टी बरोबर चढते-उतरते, हसूसुद्धा एकदम फुटतं. मनात काही सलायला लागलं की सगळ्यात आधी ही लय बिघडते. भांडणाचा पत्ता नसतो, दोघं एकमेकांना चहासुद्धा पाजत असतात, पण फट रुंदावत जाते. यंत्र ती मोजतं आणि पंधरवडाभर आधी सांगतं, या दोघांचं वाजणार.

ज्यांचं वाजणार त्यांची नावं फक्त माझ्या फोनवर येत. प्राचार्यांच्या टॅबवर नुसता कॉलेजचा नकाशा आणि खोल्याखोल्यांवर ठिपके. हिरवा, पिवळा, लाल. नाव आलं की मी काहीतरी निमित्त काढून त्या दोघांना आलटून पालटून बोलवायची, दोन श्वास थांबत थांबत गाठ सोडवायची. रसायन आणि प्राणिशास्त्र यांचा एकाच फ्रिजवरून पेटणारा वाद मी पेटायच्या आधीच विझवला. त्या फ्रिजमध्ये काय काय शेजारी शेजारी ठेवलं होतं ते सांगता येत नाही, नियम आहे.

वर्षभरात कॉलेजातली भांडणं संपली. आणि खरं सांगायचं तर आवाजच संपला. जूनमधली वेळापत्रकाची सभा म्हणजे पूर्वी कुस्तीचा फड असायचा. टेबलं बडवली जायची, पण त्यातून वेळापत्रक मात्र चोख निघायचं. आता सगळे गोड हसून "चालेल, चालेल" म्हणाले, आणि भूगोलाच्या आणि इतिहासाच्या वर्गांना एकच खोली एकाच वेळी मिळाली. दोन्ही सर आठवडाभर एकमेकांना "आधी आपण" म्हणत दारात उभे होते. कुणाला वर बघून चकती दिसली की आवाज आपोआप खाली यायचा. इंगवले सर मात्र आनंदात होते. राज्यातलं पहिलं भांडणमुक्त महाविद्यालय बघायला दुसऱ्या कॉलेजांचे प्राचार्य येणार होते.

त्या भेटीच्या आठवड्यातच माझा फोन थरथरला. लाल. दोन नावं.

शर्मिला शिंत्रे. सुवर्णा मगदूम.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

सुवर्णा वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख. आम्ही दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो, तेव्हापासून एका डब्यात जेवतो. माझ्या बाळंतपणात तिनं माझे वर्ग घेतले आणि मुलांना मानसशास्त्राऐवजी झाडांच्या सवयी शिकवल्या. ती बागेत उभी राहून शिकवते, त्यामुळे आवाज खणखणीत. एरवी तिची भाषा पुस्तकातल्यासारखी शुद्ध, पण चिडली की मुळातली कोल्हापुरी उसळून येते आणि आमच्याकडच्या बायका बोलतात तसं ती स्वतःला "मी आलो, मी गेलो" म्हणायला लागते. ते ऐकून बरेच दिवस झाले होते, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

सलोखा अधिकाऱ्याचंच नाव लाल आलं तर काय करायचं, याचाही नियम आहे, मीच लिहिलाय. संस्थेला कळवायचं, बाहेरचा मध्यस्थ येणार, आणि तोवर अंतर योजना. म्हणजे त्या दोघांच्या सुट्ट्यांचे तास वेगळे, बसायच्या जागा वेगळ्या, जेवण वेगळं. लिहिताना मला ही योजना फार शहाणपणाची वाटली होती. आता सुवर्णाशिवाय डबा उघडायचा, ही कल्पनाच मला नकोशी झाली. मी कळवलं नाही. म्हटलं, एवढ्या लोकांची मिटवली, आपलं आपल्याला मिटवता येणार नाही?

इंगवले सरांनी दुसऱ्याच दिवशी गाठलं. "बाई, टॅबवर लाल ठिपका दिसतोय. स्टाफरूममध्ये आणि कॅन्टीनमध्ये. कोण आहे?"

"गोपनीय आहे, सर."

"अहो, गुरुवारी पाहुणे येतायत. निदान पुरुष की बाई तेवढं तरी सांगा."

"सर, ते सांगितलं तर उद्या तुम्ही खोलीत येऊन जे सांगाल तेही मी सांगेन."

सरांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "नको, राहू दे," म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून उगाचच हात पुसायला लागले.

मी कामाला लागले. डबा खाताना सुवर्णा काही बोलली की हातातला घास खाली ठेवायचे, तिच्या डोळ्यांत बघायचे, दोन श्वास थांबायचे आणि म्हणायचे, "तुझं म्हणणं मला कळतंय, सुवर्णा." प्रशिक्षणात मला यात सगळ्यात जास्त गुण होते.

"अगं, भेंडी चिकट झालीय एवढंच म्हटलं मी," ती म्हणाली.

"आणि त्यामुळे तुला वाईट वाटलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं. "नाही. ठीक आहे," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

हे "ठीक आहे" नवीन होतं. ते ती कधीपासून म्हणायला लागली, तेही मला आठवत होतं. गेल्या उन्हाळ्यात संस्थेनं तिच्या बागेचा अर्धा तुकडा गाड्या लावायला घ्यायचं ठरवलं. तिनं स्वतः डोंगरातून आणून लावलेली झाडं होती तिथं. एक सीतेचा अशोक तर ती लेकीसारखा वाढवत होती. फिता घेऊन माणसं मोजायला आली, तेव्हा तिला कळलं. काम अजून सुरू व्हायचं होतं, पण बाग गेल्यातच जमा होती. आता मला ते आधी माहीत होतं का, माझ्या खोलीत कुणी त्यावरून रडून गेलं होतं का, हे तुम्हालाही सांगणार नाही, विचारू नका. त्या दिवशी मी बागेत गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, दोन श्वास थांबले आणि म्हटलं, "तुझं दुःख मला समजतंय." ती म्हणाली, "ठीक आहे." मला वाटलं, किती छान सावरली.

गुरुवार उजाडला. पाहुण्यांसाठी पुतळ्याला हार, दारात रांगोळी. इंगवले सर टॅब छातीशी धरून त्यांना एकेक इमारत दाखवत होते. मी आणि सुवर्णा कॅन्टीनमध्ये आमच्या नेहमीच्या कोपऱ्यात, बरोब्बर चकतीखाली. कॅन्टीन चालवणाऱ्या शेवंताक्कांनी कांदाभजी आणून ठेवली.

"शर्मिला, एक सांगायचं होतं," सुवर्णा भज्याचा तुकडा मोडत म्हणाली. "सातपुड्यात नवीन बियाणं केंद्र निघतंय. रानातल्या झाडांची बियाणी जपायची. मला बोलावलंय. मी जायचं ठरवलंय. सोमवारी होकार कळवते."

सातपुडा म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. ही जाणार, हा कोपरा राहणार, शेवंताक्का एकच बशी आणून ठेवणार. हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि मग, सवय म्हणतात ती हीच, मी एक श्वास घेतला, दुसरा घेतला आणि म्हटलं, "हे ठरवताना तुझ्या मनात काय काय येऊन गेलं?"

सुवर्णानं भजं खाली ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"म्हणजे, मला समजून घ्यायचंय की..."

"शर्मे!" तिचा आवाज असा सुटला की काउंटरवरची मांजर खाली उडी मारून पळाली. "तीस वर्षांची मैत्रीण गाव सोडून निघालीया, आन् तू मला इचारतीस मनात काय काय येऊन गेलं? माझं मन म्हंजे काय एस्टी स्टँड हाय व्हय? 'जाऊ नको' म्हणायला तुझं तोंड शिवलंय का?"

"तसं नाही, सुवर्णा, मी फक्त..."

"बघ! परत थांबलीस! मी बोललो की थांबतीस! मोजून थांबतीस! आधी माझं वाक्य संपायच्या आत चार उत्तरं द्यायचीस. आता तुझ्याशी बोलायचं म्हंजे डॉक्टरकडं नंबर लावल्यासारखं! माझी बाग गेली. आदल्या दिवशी माझ्या डब्यातली भरली वांगी खाल्लीस तू. तुला म्हाईत होतं!"

या प्रश्नाला सलोखा अधिकाऱ्यानं कधीही उत्तर द्यायचं नसतं. शांत चेहऱ्यानं थांबायचं असतं. मी पहिला श्वास घेतला आणि दुसरा काही मला घेता आला नाही.

"असेल माहीत नाहीतर नसेल!" मी टेबलावर हात आपटला. "माहीत असतं तरी सांगितलं नसतं! तू उद्या कुणाबद्दल काही सांगितलंस, तर तेही कुणाला सांगणार नाही! त्या खोलीतलं मी तुला सांगायला लागले तर..."

"...तर कोण येईल त्या खोलीत! म्हाईत हाय मला! मी काय खुळी हाय? सांगितलं न्हाईस त्याचं मला कायबी वाटलं न्हाई! पर बाग गेल्यावर माझ्या शेजारी हुबं ऱ्हाऊन दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास! त्याला कुठला नियम आडवा आला? समजतंय म्हणे दुःख! आमच्या म्हशीलाबी समजतं!"

"मग तू का नाही घातल्यास? 'ठीक आहे' म्हणालीस! ठीक आहे, ठीक आहे, डोकं उठलं माझं त्या ठीक आहेनं!"

"तुझ्यासाठी गप बसलो! मी भांडलो आन् ह्या थाळीनं," तिनं छताकडे बोट दाखवलं, "तुझं नाव लाल केलं, तर तुझी नोकरी जाईल म्हणून गप बसलो!"

"झालंय लाल! कधीच झालंय! मी लपवून बसलेय!"

"कशापायी लपवलंस?"

"तुझ्याबरोबर जेवायला मिळणार नाही म्हणून!"

एवढं ओरडून झाल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी काही थांबले नाही. "आणि जायचं नाही! सातपुड्याला झाडं आहेतच, तिथं तू कशाला हवीस? सोमवारी संस्थेबरोबर सगळ्यांची सभा आहे, तिथं मी बागेसाठी उभी राहते. फिता घेऊन आले ते अख्ख्या गावानं बघितलं, त्यात गोपनीय काही नाही. तुझ्याइतकीच मोठ्यानं..."

"...माझ्याइतकं मोठ्यानं तुला जमणार न्हाई!"

"जमेल!"

"न्हाई जमणार!"

पुढचं काय बोललो ते मलाही नीट आठवत नाही, कारण दोघी एकदमच बोलत होतो. झाडं, वांगी, तिनं माझ्या मुलीच्या लग्नात नेसलेली साडी, मी तिला न सांगता कापलेले केस, सगळं निघालं. मध्येच कधीतरी मला दिसलं, की कॅन्टीनच्या दारात पाहुणे उभे आहेत आणि त्यांच्या पुढे इंगवले सर, अगदी पांढरेफटक.

"हे... हे आमचं नाटक," सर म्हणत होते. "स्नेहसंमेलनाची तालीम चाललीय."

पाहुण्यांपैकी एक उंच बाई सरांच्या टॅबमध्ये डोकावल्या. "पण सर, तुमचा ठिपका बघा ना. पूर्ण कॉलेजात एवढा गडद हिरवा दुसरा नाही."

सगळे टॅबवर वाकले. आम्हीही भांडण तसंच सोडून वाकलो. खरंच होतं. कॅन्टीनवर हिरवागार ठिपका लुकलुकत होता. आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. यंत्राला शब्द कळत नाहीत. त्याला कळत होतं एवढंच, की या दोघींच्या बोलण्यात फट म्हणून उरलेली नाही, एक दुसरीचं वाक्य पूर्ण करतेय, दोन्ही आवाज एकाच पट्टीत बरोबर चढतायत. वर्षभर मी दोन श्वासांची फट घालून तिच्याशी बोलत होते, ती फट रुंदावत गेली, आणि यंत्रानं इमानदारीत तेवढंच सांगितलं होतं. लाल होतं ते भांडण नव्हतं, माझं शहाणपण होतं.

मला हसू फुटलं. त्याच क्षणी सुवर्णालाही फुटलं. ठिपका आणखी गडद झाला.

"बरं वाटलं बाई," शेवंताक्का दुसरी बशी ठेवत म्हणाल्या. "लई दिसांनी कुणाचा आवाज तरी आला हितं."

सोमवारच्या सभेत मी बागेसाठी उभी राहिले आणि जमेल तेवढी ओरडले. सुवर्णाचं खरं ठरलं, तिच्याएवढा आवाज नाही निघाला. पण माझ्यानंतर ती उठली, तिच्यानंतर भूगोलाचे सर उठले आणि दारात उभं राहून राहून साठलेलं सगळं बोलले, मग इतिहासाचे सर, मग फ्रिजवाले दोन्ही विभाग. टेबलं बडवली गेली. सर घाबरून टॅबकडे बघत होते आणि ठिपका हिरवा होत होता. शेवटी बाग वाचली, गाड्या व्हॉलीबॉलच्या मैदानाच्या कडेला गेल्या, आणि आता खेळाचे सर सगळ्यांशी भांडतायत. वेळापत्रकही एकदाचं धड झालं.

माझ्या नावाचं मी संस्थेला कळवून टाकलं. अंतर योजना फाडली आणि तिच्या जागी लिहिलं, की कुणाचं नाव लाल आलं तर त्या दोघांना एका टेबलावर बसवून भजी द्यावीत आणि दार लावून घ्यावं. इंगवले सर म्हणाले, "बाई, ही कुठली पद्धत? त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुम्ही नक्की केलंत काय? पाहुणे फोन करकरून विचारतायत."

"गोपनीय आहे, सर," मी म्हटलं. दोन श्वास थांबून. ती सवय कामापुरती ठेवलीय.

सुवर्णानं सातपुड्याला नकार कळवला, की तिथं फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं कबूल केलं, यावरून आमचा अजून वाद आहे. ती म्हणते नकारच, मी म्हणते मग बॅग कशाला भरतेस. काल दुपारी मी खोलीत बसले होते. बाहेर बोळात बेसिनपाशी वाणिज्यचे सर हात धूत उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. त्या वाटेवर कुणी काही विचारतच नाही. पण सुवर्णाचा खणखणीत आवाज आला.

"बाथरूमला न्हाई चाललो, सर. शर्मिलेशी भांडायला चाललोय."

ती आत आली, तासभर मनासारखं भांडली, आणि जाताना तांब्याकडे न बघता कोरड्या हातांनीच दार उघडून बाहेर पडली.